तालुक्यांचा नकाशा कमीत कमी रंगांत कसा रंगवायचा: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नियम एका ओळीचा आहे. हद्द लागून असलेल्या दोन भागांना एकच रंग द्यायचा नाही, आणि रंग कमीत कमी वापरायचे. इतकं सोपं ऐकलं की मुलं (आणि विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या मागे उभे असलेले पालक तर जास्तच) थेट स्केचपेन उचलतात आणि पाचव्या-सहाव्या तालुक्याला अडकतात. मग खाडाखोड होते, पाचवा रंग येतो आणि शेवटी "हा नकाशा होतच नाही" असा निकाल लागतो.

नकाशा होतो. सपाट कागदावरचा कुठलाही नकाशा, त्यातला प्रत्येक भाग सलग असेल तर, चार रंगांत होतोच. केनेथ ॲपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी १९७६ साली संगणकाच्या मदतीने हे सिद्ध केलं. पण चार रंग पुरतात हे माहीत असून भागत नाही, ते बसवता यायला हवेत. बसवताना चूक होते ती बहुतेक वेळा तयारीत आणि क्रमात. इथे आपण सिंधुदुर्ग जिल्ह्याचे आठ तालुके घेऊन सगळं करून पाहू. नकाशा लहान आहे, पण जवळजवळ प्रत्येक खाचखळगा त्यात सापडतो.

## टप्पा १: नकाशा आणि साहित्य

तालुक्यांच्या हद्दी स्पष्ट दाखवणारा आणि अलीकडचा नकाशा घ्या. घरातल्या जुन्या ॲटलासवर भिस्त ठेवू नका. १९८१ च्या आधीच्या नकाशात सिंधुदुर्ग जिल्हाच नसतो, रत्नागिरी थेट गोव्याला भिडलेली दिसते. त्यानंतरच्याही काही नकाशांत दोडामार्ग वेगळा तालुका नसून सावंतवाडीतच असतो. आठ नावं मोजून घ्या: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग.

नकाशा खिडकीच्या काचेवर धरून ट्रेसिंग पेपरवर फक्त हद्दी उतरवा. नद्या, रस्ते, रेल्वे काही नको. पावसाळ्यात कागद सादळलेला असतो आणि शाई फुटते, म्हणून पेन्सिलच वापरा.

रंग लगेच लावायचे नाहीत. लुडोचा डबा काढा. चार रंगांच्या चार-चार सोंगट्या असतात आणि या नकाशाला तेवढ्या नेमक्या पुरतात, कारण आठ तालुक्यांत एकमेकांना न लागणारे असे चारच्या वर तालुके निवडताच येत नाहीत. सोंगटी उचलून दुसरीकडे ठेवता येते, स्केचपेनचा डाग उचलता येत नाही. सगळं जुळल्याशिवाय कागदावर रंग चढवायचा नाही, ही शिस्त पहिल्यापासून लावा.

## टप्पा २: शेजारी कोण, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चुका म्हणून दिसत नाहीत. पुढे रंग संपले की लोक क्रमाला दोष देतात, पण बिघाड इथेच झालेला असतो.

नुसता कोपरा लागला तर शेजार नाही. दोन भागांची हद्द काही लांबीपर्यंत सामाईक हवी. बुद्धिबळाच्या पटावर तिरकी घरं एकाच रंगाची असतात आणि तरीही पट बरोबर असतो. कोपऱ्यालाही शेजार मानलं तर एका बिंदूत मिळणाऱ्या दहा फोडींना दहा रंग लागतील.

रस्त्यावरून शेजार ठरवू नका. देवगड आणि वैभववाडी पुष्कळ जण लागून समजतात, कारण तिकडे जाणं-येणं असतं. पण वाटेत तळेरे लागतं आणि तळेरे कणकवली तालुक्यात येतं. महामार्गावरचं खारेपाटणही कणकवलीतच. म्हणजे या दोघांच्या मधून कणकवलीची पट्टी थेट राजापूरच्या हद्दीपर्यंत जाते. देवगड आणि वैभववाडी शेजारी नाहीत.

खाडीचं काय करायचं ते एकदाच ठरवा. देवबाग मालवण तालुक्यात, आणि कर्ली नदीच्या मुखापलीकडचं भोगवे वेंगुर्ले तालुक्यात. मध्ये पाणी आहे, म्हणून हे शेजारी नाहीत असं कुणी म्हणेल. पण हद्दीची रेष त्या पाण्यातूनच जाते, तेव्हा आपण मालवण आणि वेंगुर्ले शेजारी धरू. खाडी म्हणजे हद्द, हा नियम मग सगळ्या खाड्यांना लागू. एका खाडीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा असं केलंत की उत्तर पडताळता येत नाही.

एकाच भागाचे तुकडे असतील तर थांबा. चार रंगांची हमी सलग भागांपुरतीच आहे. पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश चार तुकड्यांत आहे: पुदुच्चेरी आणि कारैकल तमिळनाडूच्या कडेला, माहे केरळात, यानम आंध्रात. चारही तुकड्यांना एकच रंग हवा असा हट्ट धरला, तर हमी लागू राहत नाही. मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची मात्र काळजी नको. बेट आहे, पण त्याला पाण्याशिवाय कुणी लागत नाही, त्यामुळे मालवणचा रंग त्याला चालतो.

## टप्पा ३: नकाशाचे ठिपके करा

आता प्रत्येक तालुक्याच्या मध्यावर एक ठिपका द्या आणि शेजारी तालुक्यांचे ठिपके रेषेने जोडा. रेषा सामाईक हद्दीवरूनच पलीकडे न्यायची. तशी नेली तर एकही रेष दुसरीला छेदत नाही. छेदत असेल तर कुठेतरी चुकीचा शेजार धरला आहे.

जिल्ह्याबाहेरचं तूर्त सोडून देऊ. शेजार असा निघतो:

- कुडाळ: कणकवली, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी (४)
- कणकवली: देवगड, वैभववाडी, मालवण, कुडाळ (४)
- मालवण: देवगड, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले (४)
- वेंगुर्ले: मालवण, कुडाळ, सावंतवाडी (३)
- सावंतवाडी: कुडाळ, वेंगुर्ले, दोडामार्ग (३)
- देवगड: कणकवली, मालवण (२)
- वैभववाडी: कणकवली (१)
- दोडामार्ग: सावंतवाडी (१)

तपासा: कंसातले आकडे मिळवा. २२ येतात. प्रत्येक रेष दोन्ही टोकांकडून एकेकदा मोजली गेली आहे, म्हणून बेरीज सम यायलाच हवी आणि तिची निम्मी, म्हणजे ११, एवढ्या रेषा कागदावर दिसायला हव्यात. बेरीज विषम आली तर एका तालुक्याच्या यादीत लिहिलेला शेजार दुसऱ्याच्या यादीत राहिला आहे. ही मोजणी न करता पुढे जाऊ नका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण मुलांना ते टाळायचं असतं.

## टप्पा ४: रंग लावण्याचा क्रम

हमखास चूक: किनाऱ्यावरून सुरुवात. कोकणातला नकाशा हातात आला की माणूस समुद्राच्या बाजूने सुरू करतो. देवगड लाल, मालवण हिरवा, वेंगुर्ले पुन्हा लाल. दोनच रंगांत अख्खा किनारा झाला म्हणून खुशी. मग कणकवली पिवळी. आणि आता कुडाळ: मालवणचा हिरवा चालत नाही, वेंगुर्ल्याचा लाल नाही, कणकवलीचा पिवळा नाही. चौथा रंग लागला. या नकाशाला तीन पुरतात, तरीही.

असं का झालं? काठावरच्या भागांना शेजारी थोडे, त्यामुळे सुरुवातीला मनमानी चालून जाते. तिची किंमत मधल्याला मोजावी लागते.

योग्य क्रम असा ठेवा:

1. सगळ्यात जास्त शेजारी असलेल्यांपैकी एक घ्या. आपण कुडाळ घेऊ. कुडाळला लाल.
2. त्यानंतर प्रत्येक वेळी, ज्याच्या शेजारात आत्तापर्यंत सर्वांत जास्त वेगवेगळे रंग लागलेत तो तालुका निवडा. बरोबरी झाली तर जास्त शेजारी असलेला घ्या. कणकवली हिरवी.
3. मालवणच्या शेजारात आता लाल आणि हिरवा दोन्ही आहेत, म्हणून मालवण पिवळा.
4. देवगडला कणकवलीचा हिरवा आणि मालवणचा पिवळा वर्ज्य, म्हणून लाल. वेंगुर्ल्याला मालवणचा पिवळा आणि कुडाळचा लाल वर्ज्य, म्हणून हिरवा. सावंतवाडीला लाल आणि हिरवा वर्ज्य, म्हणून पिवळा.
5. राहिले वैभववाडी आणि दोडामार्ग. वैभववाडीला हिरवा सोडून काहीही, दोडामार्गला पिवळा सोडून काहीही.

पायरी ४ मध्ये एकदाही विचार करावा लागला नाही, हे लक्षात घ्या. कणकवली, मालवण आणि कुडाळ तिघं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे तीनपेक्षा कमी रंगांत भागणारच नाही. आणि त्या तिघांचे रंग ठरले की देवगड, वेंगुर्ले, सावंतवाडी यांचे आपोआप ठरतात. निवड उरते ती फक्त दोन टोकांना.

तपासा: पहिल्या तिघांना तीन रंग वाटण्याच्या रीती ६. वैभववाडीच्या २, दोडामार्गच्या २. एकूण ६ × २ × २ = २४. तीन रंगांत हा नकाशा बरोबर २४ रीतींनी रंगतो. वर्गात पंचविसावी रीत कुणी आणली तर दोन उत्तरं सारखी आहेत किंवा एक चुकलेलं आहे. कर्लीच्या मुखाशी शेजार नाही असं धरलं असतं तर हाच आकडा ४८ झाला असता. खाडीचा निर्णय आधी का घ्यायचा, ते इथे कळतं.

## टप्पा ५: समुद्राचा प्रश्न

"सर, समुद्राक खंयचो रंग देवचो?" हा प्रश्न येतोच, आणि त्याला "निळा दे" म्हणून गप्प करू नका. कारण समुद्र हा एक भाग मानला की गणित बदलतं.

समुद्र देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तिघांना लागतो. या तिघांचे रंग लाल, पिवळा, हिरवा असे तिन्ही वेगळे, आणि तेही सक्तीने आलेले. समुद्राला चौथाच रंग हवा. दुसऱ्या बाजूने पाहा: मालवणभोवती देवगड, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले आणि समुद्र असं पाच जणांचं कडं तयार होतं, आणि त्यातला प्रत्येक जण पुढच्याला लागून आहे. विषम संख्येचं कडं दोन रंगांत रंगत नाही, त्याला तीन लागतात, आणि मधल्या मालवणला चौथा. कुठल्याही नकाशात तीन रंग पुरतील की चार लागतील याचा अंदाज घ्यायचा असेल, तर आधी अशी विषम कडी शोधा.

खाडी हा समुद्राचाच भाग धरून चौथा रंग वाचवू, अशी पळवाट कुणी सुचवेल. पण मग विजयदुर्गची खाडीही समुद्रच झाली. ती खारेपाटणपर्यंत आत येते, म्हणजे कणकवलीलाही समुद्र लागला. देवगड, कणकवली, मालवण आणि समुद्र हे चौघं परस्परांना लागून. पुन्हा चारच.

सावधान: समुद्र रंगवायचा असेल तर निळा पहिल्यापासून राखून ठेवा. नाहीतर किनाऱ्यावरून सुरुवात करणाऱ्याचा कुडाळ निळा होतो. कुडाळला समुद्र लागत नाही, म्हणून नियमात बसतं, पण बघणाऱ्याला तिथे तळं दिसतं.

नकाशा वाढवायचा तर आधी गोवा जोडा. तो वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्गला लागतो, समुद्रालाही. त्याला कुडाळचा लाल बसतो, आणि दोडामार्गची मोकळीक संपून तो हिरवाच करावा लागतो. कोल्हापूर जिल्हा जोडलात तर त्याला कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा तिन्ही रंगांचे शेजारी मिळतात, म्हणून निळा. घाटावर निळा रंग नको वाटत असेल तर खुशाल पाचवा घ्या. ती आवड झाली, त्याने प्रमेय खोटं पडत नाही.

## टप्पा ६: अडकलात तर सगळं पुसू नका

समजा चार रंग घेऊन (समुद्र बाजूला ठेवून) कुणी असं केलं: देवगड हिरवा, कणकवली पिवळी, कुडाळ लाल, वेंगुर्ले निळे, वैभववाडी निळी. मालवणच्या चारही शेजाऱ्यांना चार वेगळे रंग. मालवण अडकला.

पहिला उपाय: चारपैकी कुणा एकाचा रंग बदलून चालतो का बघा. देवगडला कणकवली आणि मालवण एवढेच शेजारी. तो लाल केला की हिरवा मोकळा होतो आणि मालवणला मिळतो. झालं.

मोठ्या नकाशात इतकं स्वस्तात सुटत नाही, म्हणून दुसरा उपाय याच नकाशावर शिकून घ्या. अडकलेल्या भागाभोवती समोरासमोर असलेले दोन शेजारी घ्या, इथे कणकवली (पिवळी) आणि वेंगुर्ले (निळे). कणकवलीपासून निघा आणि फक्त पिवळ्या-निळ्या तालुक्यांवरून, शेजार धरून, जाता येईल तिथवर जा. कणकवलीवरून निळ्या वैभववाडीत जाता येतं, पुढे काही नाही. ही साखळी वेंगुर्ल्यापर्यंत पोचली नाही. आता साखळीतल्या सगळ्यांचे रंग आपसात बदला: कणकवली निळी, वैभववाडी पिवळी. मालवणभोवती हिरवा, निळा, लाल, निळा उरले. मालवणला पिवळा.

सावधान: साखळी अर्धी बदलू नका. कणकवली निळी करून वैभववाडी विसरलात तर दोन निळे शेजारी होतात, आणि ही चूक अडकलेल्या ठिकाणापासून लांब असल्याने डोळ्यांना चटकन दिसत नाही. साखळीतल्या सगळ्या सोंगट्या आधी हातात घ्या, मग उलट करून ठेवा.

साखळी समोरच्या शेजाऱ्यापर्यंत पोचली तर ती बदलून उपयोग नाही, कारण दोन्ही शेजारी रंग बदलतील आणि मालवण होता तिथेच राहील. तेव्हा दुसरी जोडी घ्या. ती नक्की सुटते: पोचलेली साखळी आणि मालवण मिळून एक कुंपण होतं, आणि दुसऱ्या जोडीतला एक कुंपणाच्या आत, दुसरा बाहेर राहतो. त्यांची साखळी जुळूच शकत नाही.

चार शेजाऱ्यांपर्यंत हे बिनघोर चालतं. पाच शेजारी असतील तेव्हा घाई करून दोन साखळ्या एकदम बदलू नका. आल्फ्रेड केम्पेच्या १८७९ च्या सिद्धतेत नेमकी हीच फट होती, आणि ती पर्सी हीवूडने १८९० मध्ये दाखवून दिली. एक साखळी बदला, शेजार पुन्हा तपासा, मगच दुसरी.

## टप्पा ७: हाच नकाशा दोघांत खेळायला

एक रंगवणारा, एक अडवणारा. दोघं आळीपाळीने कुठल्याही मोकळ्या तालुक्यावर कुठल्याही रंगाची सोंगटी ठेवतात, शेजाऱ्यांचा नियम मोडायचा नाही. सगळे तालुके भरले तर रंगवणारा जिंकला. एखाद्या मोकळ्या तालुक्याला एकही रंग उरला नाही तर अडवणारा.

तीन रंगांत हा डाव मांडू नका. अडवणारा दर वेळी जिंकतो. टप्पा ४ मध्ये काही तालुक्यांना सक्तीने सारखे रंग आले, त्या जोड्या अशा: देवगड-कुडाळ, कणकवली-वेंगुर्ले, मालवण-सावंतवाडी. रंगवणाऱ्याने यातला एक रंगवला की अडवणाऱ्याने जोडीदाराला वेगळा रंग द्यायचा, संपलं. पहिला कुडाळ लाल, दुसरा देवगड हिरवा: आता कणकवली आणि मालवण दोघांनाही पिवळाच उरतो, आणि ते तर एकमेकांना लागून. रंगवणाऱ्याने दोडामार्गपासून सुरुवात केली तर अडवणाऱ्याने वैभववाडी घ्यायची, म्हणजे जोडीत पहिलं पाऊल पुन्हा रंगवणाऱ्यालाच टाकावं लागतं.

चार रंगांत मात्र खरी चुरस आहे. ज्याला तीन किंवा कमी शेजारी, त्याला चौथा रंग कधीही मिळतो. धोका फक्त कुडाळ, कणकवली आणि मालवणला. रंगवणाऱ्याने पहिल्या चालीत कुडाळ घ्यावा, समजा लाल. अडवणाऱ्याची सर्वांत बोचरी चाल म्हणजे देवगड हिरवा. इथे बहुतेक जण घाबरून लगेच कणकवली किंवा मालवण भरतात आणि हरतात. मालवण पिवळा केला तर अडवणारा वैभववाडी निळी करतो आणि कणकवली गेली. कणकवली पिवळी केली तर तो वेंगुर्ले निळे करतो आणि मालवण गेला. बरोबर चाल शांत आहे: वैभववाडी हिरवी. कणकवलीच्या शेजारात हिरवा दोनदा आल्याने तिला आता रंग कमी पडूच शकत नाही, आणि मालवणवर धोका आला की तो पुढच्या चालीत भरता येतो.

मोठ्या नकाशावर मात्र चार रंगांच्या हमीवर विसंबून पैज लावू नका. ती हमी एकट्याने रंगवण्यापुरती आहे, समोर अडवणारा बसला की पुरत नाही. कुठल्याही सपाट नकाशावर रंगवणाऱ्याला १७ रंग पुरतात, एवढं २००८ मध्ये सिद्ध झालं आहे.

वेळ कमी असेल तर आणखी एक प्रकार: एकाने फक्त लाल, दुसऱ्याने फक्त हिरवी सोंगटी ठेवायची, आपल्याच रंगाला लागून ठेवायची नाही, आणि ज्याला चाल उरली नाही तो हरला. हा डाव रत्नागिरीच्या नऊ तालुक्यांवर मांडा. शेजाराची यादी मात्र मुलांकडूनच करून घ्या, आणि बेरीज सम आल्याशिवाय सोंगट्या वाटू नका.